परटाची खूण

‘आपली संमती आहे काय?’ हा प्रश्न पूर्वी माणसाला आयुष्यात मोजक्याच वेळी विचारला जाई. विवाहप्रसंगी, खरेदीखतावर अंगठा उमटवताना, शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालयाच्या कागदावर सही करताना. विचारणारा समोर उभा असे, साक्षीदार असत, आणि उत्तर देणाऱ्याचा हात क्षणभर तरी थबकत असे. आज हाच प्रश्न संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावर दिवसातून कितीतरी वेळा उभा राहतो. बातमी वाचायची असो, प्रवासाची चौकशी करायची असो किंवा माशाच्या कालवणाची कृती पाहायची असो, पानाच्या तळाशी एक पट्टी वर सरकते: आम्ही कुकीज वापरतो, आपली मान्यता द्यावी. वाचणारा मान्यता देतो आणि कालवणाकडे वळतो. हात थबकत नाही. या न थबकलेल्या हाताच्या होकाराला संमती म्हणावे काय, असा प्रश्न आम्हास पडला आहे, आणि तो वाटतो तितका क्षुल्लक नाही.

प्रथम वस्तू समजून घेणे बरे. कुकी या शब्दाचा येथे बिस्किटाशी काही संबंध नाही. दोन संगणकप्रणाली परस्परांना ओळख पटावी म्हणून जी छोटी खूण देतघेत असत तिला तंत्रज्ञांच्या बोलीत ‘मॅजिक कुकी’ म्हणत; नाव तेथून आले. १९९४ साली नेटस्केप या अमेरिकन कंपनीत लू मोन्टुली नावाचा तरुण तंत्रज्ञ काम करीत होता. इंटरनेटवर विक्रीची व्यवस्था उभारू पाहणाऱ्या एका ग्राहक-कंपनीची अडचण त्याच्यापुढे आली. वेबची मूळ रचना विसराळू आहे. आपण सर्व्हरकडे एक पान मागतो, तो ते देतो आणि आपल्याला विसरतो. पुढच्या क्षणी दुसरे पान मागितले तर आपण त्याला पुन्हा नवखेच. अशा दुकानात टोपलीत टाकलेली वस्तू गल्ल्यापाशी पोचेपर्यंत नाहीशी व्हायची. शिवाय अर्धवट राहिलेल्या खरेदीच्या नोंदी आपल्या यंत्रांवर सांभाळत बसण्याची त्या कंपनीची तयारी नव्हती. मोन्टुलीने तोड काढली ती अशी की नोंद ग्राहकाकडेच राहू द्यावी. सर्व्हरने एक छोटी अक्षरखूण पाठवावी, ब्राउझरने ती जपून ठेवावी, आणि पुन्हा त्याच सर्व्हरकडे जाताना ती न सांगता पुढे करावी.

आमच्या पिढीला परटाची खूण ठाऊक आहे. घरोघरचे कपडे एकत्र धुताना सरमिसळ होऊ नये म्हणून परीट सदऱ्याच्या कॉलरच्या आत बिब्ब्याच्या रसाने एक खूण करी. दोन ठिपके, एक फुली, एखादी आडवी रेघ. खूण आपल्या कपड्यावर असे, आपणच ती अंगावर वागवीत असू. तिचा अर्थ मात्र परटाच्या डोक्यात असे. कुकीचे स्वरूप नेमके असेच आहे. तिच्यात बहुधा आपले नाव-गाव नसते. एक लांबलचक, निरर्थक दिसणारा क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकासमोर काय काय लिहिले आहे ते दूरच्या सर्व्हरच्या वहीत असते. खूण आपल्याकडे, वही त्यांच्याकडे. बिब्ब्याची खूण कापड विरेपर्यंत टिके. कुकीला मात्र आयुर्मर्यादा घालून देण्याची सोय आहे. काही कुकीज ब्राउझर बंद केला की मरतात, काही महिनोन्‌महिने राहतात. गुगलच्या क्रोम या ब्राउझरने २०२२ पासून ही कमाल मर्यादा ४०० दिवसांवर आणली. पण आपण त्या संकेतस्थळावर पुन्हा गेलो की तारीख पुढे ढकलता येते, म्हणजे नित्याच्या ग्राहकाच्या बाबतीत ती मर्यादा नावापुरतीच उरते.

येथवर तक्रार करण्यासारखे काही नाही. परटाने खूण केली नाही तर आपला सदरा शेजाऱ्याच्या अंगावर जाईल. कुकी नसेल तर बँकेच्या संकेतस्थळावर एका पानावरून दुसऱ्यावर जाताना पुन्हा पुन्हा परवलीचा शब्द द्यावा लागेल. मोन्टुलीने पुढे लिहिले आहे की प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा क्रमांक द्यावा असाही एक मार्ग त्याच्यापुढे होता. पण तसे केल्यास कोणालाही माणसाचा सर्वत्र माग काढता येईल म्हणून त्याने तो नाकारला. ज्याने खूण केली त्यालाच ती परत दाखवावी, इतरांस नाही, असा नियम त्याने घातला. कारागिराची ही सदसद्विवेकबुद्धी आम्हास महत्त्वाची वाटते. यंत्र निर्माण करणाऱ्याने नीतीचा विचार केलाच नव्हता, असे येथे म्हणता येत नाही.

तरीही वाट निघाली. एक वेबपान अनेक ठिकाणांहून आलेल्या तुकड्यांचे बनलेले असते. मजकूर वृत्तपत्राच्या सर्व्हरवरून येतो, शेजारची जाहिरात जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून. ती जाहिरात मागवताना आपला ब्राउझर त्या कंपनीच्याही दारात जातो, आणि ती कंपनीही आपली खूण करून घेते. तिला तृतीय पक्षाची, म्हणजे थर्ड-पार्टी कुकी म्हणतात. आता हीच कंपनी वृत्तपत्राच्या पानावर आहे, औषधांच्या पानावर आहे, नोकरीच्या जाहिरातींच्या पानावर आहे. नियम तसूभरही मोडलेला नाही; ज्याने खूण केली त्यालाच ती दाखवली जाते. पण तो आता रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात बसलेला आहे. आपण वाण्याकडे काय घेतले, वैद्याकडे का गेलो, सावकाराच्या पायरीवर किती वेळ घुटमळलो, हे प्रत्येक दुकानदाराला सुटे सुटे ठाऊक असणे आणि एकाच अनोळखी माणसाला सगळे एकत्र ठाऊक असणे, यांत केवळ प्रमाणाचा फरक आहे काय? आम्हास तसे वाटत नाही. सुटी माहिती म्हणजे ओळख; एकत्र केलेली माहिती म्हणजे सत्ता. हा व्यवसाय किती मोलाचा ठरला याची कल्पना यावी म्हणून सांगतो: १९९० च्या दशकाच्या मध्यास सुरू झालेली डबलक्लिक ही जाहिरात कंपनी विकत घेण्याचे गुगलने २००७ मध्ये जाहीर केले तेव्हा किंमत होती ३१० कोटी डॉलर.

या साऱ्यातली आम्हास सर्वांत बोचणारी गोष्ट मात्र पैशाची नाही. नेटस्केपचा कुकी समजणारा ब्राउझर १९९४ च्या अखेरीस लोकांच्या हाती आला. कुकीज काय करतात याची वार्ता सामान्य वाचकांपर्यंत पोचली ती ‘फायनान्शियल टाइम्स’ने १२ फेब्रुवारी १९९६ रोजी लेख छापला तेव्हा. मधल्या सव्वा वर्षात लोक खूण अंगावर वागवीत होते आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते. फेब्रुवारी १९९७ मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या तज्ज्ञमंडळाने कुकीविषयीचा पहिला मानक-दस्तऐवज प्रसिद्ध केला. तृतीय पक्षाच्या कुकीज मुळातच बंद ठेवाव्यात, वापरणाऱ्याने हवे तर त्या सुरू कराव्यात, अशी त्याची भूमिका होती. त्या काळच्या दोन्ही प्रमुख ब्राउझरांनी, नेटस्केपने आणि मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने, ती मानली नाही. दार उघडे राहिले. ज्याला नको असेल त्याने शोधून बंद करावे, अशी रीत पडली, आणि माणूस जे आधीपासून चालू असते ते बहुधा तसेच राहू देतो, हे कोणाही दुकानदारास कळते.

यात नुकसान काय, असे आमच्या परिचयातील एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारले. ‘फादर, आम्ही काही लपवत नाही, बघू देत ना!’ त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हास शंका नाही. पण समजा, एका घरात एकच संगणक आहे. धाकट्या मुलाचे हप्ते थकले आहेत. घरात कोणास ठाऊक नाही. रात्री सगळे निजल्यावर तो तातडीच्या कर्जाची पाने उघडून पाहतो. सकाळी आई त्याच संगणकावर वर्तमानपत्र वाचायला बसते आणि प्रत्येक पानाच्या कडेला तिला कर्जाची जाहिरात दिसते. कुकी माणूस ओळखत नाही, ब्राउझर ओळखते. खूण सदऱ्यावर असते, सदरा कोणी घातला आहे हे तिला कळत नाही. मुलगा कदाचित आठ दिवसांनी स्वतःच आईपाशी बसला असता, योग्य शब्द शोधून बोलला असता. ती वेळ आणि ते शब्द त्याच्या हातून गेले. आपल्याविषयी कोणास, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगावे, हे ठरवण्याचा अधिकार लपवाछपवीपेक्षा निराळा आहे. मैत्री, कबुली, समेट या साऱ्या गोष्टी त्या अधिकारावर उभ्या असतात. ज्याच्याविषयी सर्व आधीच जाहीर आहे त्याला विश्वासाने सांगण्यासारखे काही उरत नाही.

आता संमतीकडे येऊ. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात वादळात सापडलेल्या गलबताचे उदाहरण घेतले आहे. माणसे जीव वाचवण्यासाठी माल समुद्रात फेकतात. ती कृती त्यांची स्वतःची आहे, कारण हात त्यांचेच. पण शांत समुद्रावर ती कोणी केली नसती. अशा कृतीला तो मिश्र कृती म्हणतो. पानाच्या तळाशी आलेल्या पट्टीवरचा होकार मिश्र कृतीच्या जवळ जातो असे प्रथमदर्शनी वाटते. माणसाला बातमी हवी आहे, पट्टी वाट अडवते, तो काहीतरी टाकून देतो आणि पुढे जातो. पण दोन भेद आहेत. गलबतावरच्या माणसाला आपण काय फेकतो आहोत ते दिसत असते. येथे फेकणाऱ्याला पेटीत काय होते तेच ठाऊक नसते. आणि दुसरे असे की समुद्रावरचे वादळ कोणी मुद्दाम उठवलेले नसते. येथे होकाराचे बटण मोठे व उठावदार, नकार मात्र तीन पानांआड, करड्या अक्षरांत. हे वादळ फेकलेला माल गोळा करणाऱ्यानेच उठवलेले असते.

आम्हा धर्मगुरूंना संमतीचा प्रश्न व्यवहारात भेटतो तो विवाहाच्या चौकशीत. वधू आणि वर यांना वेगवेगळे बसवून विचारावे लागते की कोणाचा दबाव तर नाही ना. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेप्रमाणे बळजबरीने वा गंभीर भीतीपोटी दिलेली संमती विवाह घडवीत नाही, आणि ती मिळवण्यासाठी महत्त्वाच्या बाबतीत फसवणूक झाली असेल तरीही नाही. विवाहाच्या शेजारी कुकी मांडलेली पाहून वाचक हसतील, हसोत. मोलात तुलना नाहीच. परंतु संमतीची घडण दोन्हीकडे एकच आहे: कशाला होकार देतो ते कळले पाहिजे, आणि ‘नाही’ म्हणण्याची वाट तितकीच मोकळी असली पाहिजे. ज्या दाराला आत जाण्याची मूठ आहे आणि बाहेर पडण्याची नाही, तेथून आत गेलेल्याला स्वखुशीने आला असे म्हणणे धाडसाचे होईल.

युरोपातील न्यायसंस्था जवळजवळ याच निष्कर्षाला येऊन पोचली, ही आम्हास समाधानाची गोष्ट वाटते. युरोपीय संघाने २००९ च्या दुरुस्तीने कुकीसाठी पूर्वसंमती आवश्यक केली. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षण कायद्याने संमतीची कसोटी कडक केली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी लक्झेम्बर्ग येथील युरोपीय न्यायालयाने एका जर्मन प्रकरणात निर्णय दिला की आधीच बरोबरची खूण करून ठेवलेला चौकोन तसाच राहू दिला म्हणजे संमती दिली असे होत नाही. मौन हे संमतीचे लक्षण मानण्याची आपल्याकडची जुनी समजूत तेथे टिकली नाही. त्यानंतर फ्रान्सच्या नियामक संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचे जाहीर केले. होकार एका टिचकीत आणि नकार अनेक टिचक्यांत, हाच ठपका होता. एवढे होऊनही त्या पट्ट्या इतक्या वाढल्या की लोक त्यांना कंटाळून पूर्वीपेक्षाही वेगाने होकार देऊ लागले. कायद्याने प्रश्न विचारण्याची सक्ती केली. ऐकण्याची सक्ती त्याला करता येत नाही.

आणि येथे वापरणाऱ्याचीही बाजू तपासली पाहिजे. आम्ही सेमिनरीत शिकत असताना नीतिशास्त्राच्या तासाला अज्ञानाचे प्रकार घोकून घेतले जात. एक अज्ञान असे की ते दूर करणे माणसाच्या हाती नसते. त्याचा दोष त्याला लागत नाही. दुसरे हाती असूनही आळसाने तसेच राहते. आणि तिसरे, संत थॉमस अक्वायनस ज्याचा उल्लेख करतात ते, माणूस मुद्दाम जोपासतो, कारण कळले तर काही करावे लागेल. १९९५ साली कुकीविषयी न जाणणारा माणूस पहिल्या प्रकारात होता. आजचा सुशिक्षित वाचक तेथे आहे असे म्हणवत नाही. ‘आम्हाला त्यातले काही समजत नाही’ हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकतो, आणि ते बोलणारे लोक शेअरबाजारातील बारकावे उत्तम जाणतात.

कारण करण्यासारखे फार कठीण नाही. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून तृतीय पक्षाच्या कुकीज मुळातच पूर्ण बंद केल्या आहेत. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज जणू वेगवेगळ्या डब्यांत ठेवण्यास सुरुवात केली, म्हणजे एका दुकानातली खूण दुसऱ्या दुकानात दिसू नये. क्रोमची गोष्ट निराळी. तृतीय पक्षाच्या कुकीज दोन वर्षांत हद्दपार करण्याचे गुगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले, मुदत पुनःपुन्हा वाढवली, आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. ज्याची मिळकत जाहिरातीवर आहे त्यानेच दाराला कडी लावावी, ही अपेक्षा मुळातच भाबडी होती असे आम्हास वाटते. तेव्हा क्रोम वापरणाऱ्याने ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात थर्ड-पार्टी कुकीज स्वतः बंद कराव्यात. बँक, तिकिटे, पत्रव्यवहार यांची कामे बहुधा नीट चालू राहतात, कारण ती मुख्यतः त्या त्या संकेतस्थळाच्या स्वतःच्या कुकीवर चालतात. सर्वच कुकीज सरसकट पुसून टाकल्या तर मात्र सगळीकडे नव्याने प्रवेश करावा लागतो. खाजगी खिडकी, जिला क्रोममध्ये इन्कॉग्निटो म्हणतात, ती मिटल्यावर तिच्यातील कुकीज नाहीशा होतात. पण उघडी असताना समोरच्या संकेतस्थळाला आपण दिसतच असतो, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे. वर सांगितलेल्या घरातील संगणकावर प्रत्येकाचे खाते निराळे केले तर अर्धी अडचण तेथेच मिटते. माग काढण्याच्या इतरही युक्त्या आहेत, ब्राउझरच्या बारीकसारीक वैशिष्ट्यांवरून त्याला ओळखण्याची एक तर बरीच रुळली आहे, आणि ती कुकी पुसल्याने जात नाही. म्हणून काहीच करू नये असे म्हणणे म्हणजे चोर खिडकीतून येतो म्हणून दारही उघडे ठेवण्यासारखे आहे.

एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. आपण एखाद्या संकेतस्थळाला स्पष्ट नकार दिला तर तो नकार ते लक्षात कसे ठेवते? बहुधा एका कुकीत. ती पुसली की उद्या पुन्हा तोच प्रश्न. आपल्याला विसरा, हे सांगण्यासाठीही आपल्या आठवणीचा एक कण त्यांच्यापाशी राहू द्यावा लागतो. पूर्ण विस्मृती हा आदर्श नव्हेच, हे येथे कळते. ज्या परटाने आपल्याला ओळखावे असे आपल्याला वाटते त्याने ओळखावे, आणि इतक्याच कामापुरते ओळखावे.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. संमती मोकळी, विशिष्ट, समजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, असे हा कायदा सांगतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास त्याने सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. आणखी एक तरतूद आमच्या मते फार मोलाची आहे: संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचण्याची सोय वापरणाऱ्याला मिळाली पाहिजे. म्हणजे मराठीतही.

हे मराठी कसे असेल याची आम्हास उत्सुकता आहे. आज मराठीत अशी पट्टी जेथे दिसते तेथे बटणावर बहुधा ‘सर्व स्वीकारा’ असे लिहिलेले असते. इंग्रजी शब्दाचे ते भाषांतर आहे, परंतु मराठीत हे आज्ञार्थी क्रियापद झाले. दुकानदार ग्राहकाला सांगतो आहे, स्वीकारा; आणि ग्राहकाने बटण दाबले की तेच त्याचे उत्तर समजले जाते. वेदीपुढे उभ्या असलेल्या वधूला कोणी ‘स्वीकारा’ असे फर्मावून तीच तिची संमती मानली तर आम्ही तो विवाह लावणार नाही. तिने स्वतःच्या तोंडाने, प्रथमपुरुषी, आपले वाक्य बोलावे लागते. त्या बटणावर ‘मला मान्य आहे’ आणि शेजारी तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत ‘मला मान्य नाही’ असे लिहिण्यास कोणत्याही तंत्रज्ञाला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागू नये.